तासाभराचे बर्लिन

पुण्यातल्या माझ्या मावसभावाने गेल्या आठवड्यात लिहिले, “तुमच्याकडे म्युनिकहून बर्लिनला तासाभरात जातात, आणि इथे सात गावे अडून बसल्यामुळे पुरंदरचे विमानतळ रखडले आहे.” त्यातला ‘तासाभरात’ हा शब्द मला अजून बोचतो आहे.

हा तास मी अनेकदा मोजला आहे. दोन्ही शहरांमधले हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात उड्डाण एक तास पाच-दहा मिनिटांचे दिसते. परंतु एस-बान या लोकल गाडीने विमानतळापर्यंत पाऊण तास, तपासणीसाठी आधी पोहोचण्याचा सव्वा-दीड तास आणि उतरल्यावर शोनेफेल्डच्या विमानतळाहून बर्लिनच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंतचा अर्धा तास धरला, की तासाचे चार तास होतात. डिसेंबर २०१७ पासून सर्वांत वेगवान आयसीई ही रेल्वेगाडी ६२३ किलोमीटरचे अंतर चार तासांच्या आत कापते, म्हणून मी रेल्वेनेच जातो. गाड्यांना उशीर होतो, हे मान्य. तरीही स्थानक शहराच्या मधोमध असते. हा रेल्वेमार्ग १९९१ मध्ये, जर्मनीच्या एकीकरणानंतर लगेच ठरला आणि पूर्ण व्हायला २६ वर्षे लागली. त्या वर्षांचा हिशेब मावसभाऊ करत नाही. दिवे घाट ओलांडून विमानतळ गाठायला कोथरूडकराला किती वेळ लागेल, हेही तो सांगत नाही.

राहिला ‘अडून बसण्याचा’ प्रश्न. म्युनिकच्या विमानतळाला तिसरी धावपट्टी हवी होती, तेव्हा जून २०१२ मध्ये शहरातल्या नागरिकांना मत विचारले गेले आणि ५४.३ टक्के लोकांनी नकार दिला. ती धावपट्टी आजही झालेली नाही, आणि त्यावरून म्युनिक मागासलेले आहे, असे मी कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही. हे मी मावसभावाला अभिमानाने लिहिले. मात्र त्या मतदानाच्या वेळी मी म्युनिकमध्येच राहत होतो, कर भरत होतो आणि भारतीय पारपत्रामुळे मला मत नव्हते, हे लिहिले नाही.

आणखी एक गोष्ट मी लिहिली नाही. माझे आजोळ त्या सात गावांपैकीच एक आहे, आणि तिथल्या अंजिराच्या बागेत आईचा वाटा आहे. भूसंपादनाची बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो मुंबईहून पुण्यापर्यंतचा रस्ता वाचेल, हा, बागेचा नव्हे. वडील गेले तेव्हा म्युनिक-मुंबई विमान वेळेवर उतरले होते, पण पुढच्या त्या रस्त्यावर मला साडेपाच तास लागले आणि मी घरी पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. म्हणून आईला मी फोनवर संमती दे असे सुचवले. मामा शेजारीच बसले होते. त्यांनी फोन घेऊन विचारले, “तू वर्षातून किती वेळा येणार आहेस?”

दोन वर्षांतून एकदा, असे मी सांगितले.