किती गाठी तपासल्या, तेही विचारा

अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये रोग किती लिम्फ नोडमध्ये (शरीरातल्या रोगप्रतिकाराच्या छोट्या ग्रंथी; आमच्याकडे सरळ 'गाठी' म्हणतात) पोहोचला, यावरून पुढच्या आयुष्याचा अंदाज येतो, हे एका लेखात वाचलं, छान मांडलंय. पण एक बाजू राहिली. टीएनएम (कॅन्सरची पायरी ठरवायची पद्धत; यातला 'एन' म्हणजे गाठी) च्या आठव्या आवृत्तीत १-२ गाठींत रोग असेल तर एन१, ३ ते ६ असतील तर एन२, ७ किंवा जास्त असतील तर एन३. यात फक्त बाधित गाठी मोजतात. एका पेशंटच्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या ६ गाठी तपासल्या आणि २ बाधित निघाल्या, दुसऱ्याच्या ३० पैकी २. दोघंही एन१! पहिल्याच्या न तपासलेल्या गाठींत काय दडलंय, कोण सांगणार? म्हणूनच बाधित आणि एकूण गाठींचं गुणोत्तर बघतात. शून्य बाधित असतील तर मात्र गुणोत्तरही शून्यच, मग ५ तपासा की २५. तिथे 'लॉड्स' हे बाधित आणि निरोगी गाठींच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमवर आधारलेलं माप फरक दाखवतं. ऑपरेशनआधी केमो-रेडिएशन झालं असेल तर गाठी मुळातच कमी सापडतात, हेही धरावं लागतं.

माझ्या मामांना चोपड्याहून मुंबईला नेलं होतं. रिपोर्टमध्ये बाधित गाठी लिहिल्या होत्या, एकूण किती तपासल्या ते नव्हतं. फार चीड आली. जळगाव-धुळ्याकडून एवढ्या लांब जाणाऱ्या माणसाला परत विचारायला जाणं सोपं नसतं हो. निदान १५ गाठी तपासाव्यात असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे. घरच्यांनी डिस्चार्जच्या आधीच दोन्ही आकडे मागून घ्यावेत.