अकरावीच्या प्रवेशाबरोबर एनसीसीचाही विचार करा

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पुण्यातल्या पालकांमध्ये क्लासची चर्चा रंगते आणि एनसीसीचा विषय निघालाच, तर ‘आमच्या मुलाला कुठे सैन्यात जायचंय?’ एवढ्यावर तो मिटतो. मुळात १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या छात्रसेनेत दाखल होणाऱ्यावर लष्करी सेवेचे कोणतेही बंधन नसते. १९६२ च्या युद्धानंतर काही वर्षे ती महाविद्यालयांत सक्तीची होती, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली आणि ते योग्यच झाले, कारण पहाटे उठून परेडला जाण्याची शिस्त स्वतःहून पत्करली तरच अंगवळणी पडते.

मी ज्या महाविद्यालयात शिकवतो, तेथे हजेरीलाही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात उत्तर देणारी एक विद्यार्थिनी होती. दुसऱ्या वर्षी तुकडी तिच्याकडे आली, तेव्हा तिने ‘थम’चा हुकूम चुकीच्या पावलावर दिला आणि अर्धी तुकडी थांबली, अर्धी पुढे गेली. सुभेदारसाहेबांनी तिला बाजूला न करता स्वतः पावले टाकून तो हुकूम केव्हा द्यायचा ते दाखवले आणि तीच तुकडी पुन्हा तिच्या हाती दिली. बरोबरीच्या मुलांना हुकूम देणे, आपली चूक सर्वांसमोर सुधारणे आणि दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत उभे राहून दुसऱ्याचा हुकूम पाळणे, हे शिकवणारी दुसरी जागा आमच्या महाविद्यालयात तरी मला दिसलेली नाही.

शिबिराचेही तसेच. शहरातल्या कोथरूडची मुलगी आणि डोंगराळ वेल्ह्याची मुलगी एकाच तंबूत राहतात, नळावर एकाच रांगेत थांबतात. नकाशावाचन आणि पॉइंट टू टू रायफलचा नेमबाजीचा सराव तर होतोच.

ज्यांना खरोखर सैन्यात जायचे आहे, त्यांना एनसीसीचे सर्वात वरचे ‘सी’ प्रमाणपत्र आणि पदवीच्या आवश्यक गुणांच्या आधारे विशेष प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्यात लेखी परीक्षा नसते, निवडलेल्या उमेदवारांना थेट एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या चाचण्या व मुलाखतीसाठी, बोलावले जाते.

अडचण आहे ती आम्हा शिक्षकांकडे. शिबिरात गेलेल्या मुलांची प्रॅक्टिकल बुडतात आणि परतल्यावर त्यांना प्रत्येक विभागाची विनवणी करत फिरावे लागते. शिबिरांच्या तारखा कळताच प्रत्येक विभागाने या मुलांसाठी वेगळी बॅच ठरवून फलकावर लावावी, असा माझा आग्रह आहे.