कोरिया चीनचा प्रांत होता? कधी?

‘कोरिया दोन हजार वर्षं चीनचा प्रांत होता, तिथले राजे चीनचा सम्राट नेमायचा, आणि त्यांची लिपीसुद्धा चिनीच.’ हा मेसेज कोरियन शिकणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिला तो पटलाही, म्हणून हे लिहिणं भाग आहे. २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी शी जिनपिंग यांच्या भेटीचा हवाला देऊन एका मुलाखतीत जवळपास हेच सांगितलं होतं. त्याने ते खरं ठरत नाही.

लिपीचं आधी संपवते. हंगुल ही कोरियन लिपी राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली. मूळ व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, घसा यांच्या ठेवणीवरून घेतलेत. चीनची वाट सोडून वेगळी लिपी कशाला, म्हणून १४४४ मध्ये छ्वे मान्री या दरबारी विद्वानाने राजाकडे तक्रार केली होती. चिनी असती तर ही तक्रार कशाला झाली असती?

दोन हजार वर्षांचं म्हणाल, तर इ.स.पू. १०८ मध्ये हान सम्राटाने उत्तर कोरियात ठाणी बसवली हे खरं. त्यातलं शेवटचं मोठं ठाणं ३१३ मध्ये गोगुर्यो या कोरियन राज्याने घेतलं. ६६८ नंतर चीनच्या तांग घराण्याचं सैन्य प्याँगयांगला बसलं, पण सिल्ला या कोरियन राज्याने लढून ६७६ पर्यंत त्याला माघार घ्यायला लावली.

आता राजांच्या नेमणुकीचा मुद्दा, सगळ्यात जास्त दिशाभूल करणारा. जोसॉनचे, म्हणजे तेव्हाच्या कोरियाचे, राजे चीनच्या मिंग आणि नंतर छिंग घराण्याच्या दरबाराला नजराणे पाठवत, चिनी पंचांग वापरत, सम्राटाकडून मान्यता घेत. १६३७ मध्ये राजा इंजोला छिंग सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून नऊ वेळा डोकं जमिनीला लावावं लागलं. मांडलिकत्व होतं, हे मान्य करावंच लागेल. पण गादीवर कोण बसणार हे कोरियात ठरायचं. १५०६ मध्ये राजा येओनसानला त्याच्याच दरबाऱ्यांनी पदच्युत करून जुंगजोंगला गादीवर बसवलं. मिंगची मान्यता मागाहून आली. कर, कायदे, फौज, अधिकारी निवडायच्या परीक्षा, सगळं कोरियाचं स्वतःचं.

चीनचाच पुरावा हवा असेल तर मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू याने वंशजांसाठी लिहून ठेवलेली आज्ञा बघा. ज्यांच्यावर स्वारी करू नये अशा पंधरा परक्या देशांची यादी तीत आहे आणि जोसॉन त्या यादीत आहे. स्वतःच्या प्रांतावर स्वारी करू नका, असं कोणता सम्राट लिहून ठेवेल? पुढे १८७१ च्या सुमारास छिंग दरबारानेही अमेरिकेला कळवलं की कोरिया आमचा मांडलिक असला तरी आपला कारभार आणि कायदे तो स्वतः ठरवतो.

१८८२ नंतर मात्र चीनने खरोखर ढवळाढवळ केली, सोलमध्ये सैन्य आणलं, पुढे युआन शिकाई या आपल्या अधिकाऱ्याला तिथे बसवलं. ते जेमतेम बारा वर्षं चाललं. जपानकडून हरल्यावर १८९५ च्या शिमोनोसेकी तहाच्या पहिल्याच कलमात चीनने कोरियाचं पूर्ण स्वातंत्र्य मान्य केलं.