आकडे बदलले म्हणून ते खोटे ठरत नाहीत

फिरत असलेल्या त्या मेसेजचा सारांश असा: अमेरिकेचे रोजगाराचे आकडे बनावट, म्हणून तर मागाहून गुपचूप बदलतात; बेकार भत्ता संपला की माणूस बेकारांच्या यादीतून गायब; आणि काम शोधून थकलेल्यांना कुणी मोजतच नाही.

‘गुपचूप’ म्हणे! 1 ऑगस्ट 2025, शुक्रवार, आपल्याकडचे संध्याकाळचे सहा. अमेरिकेचा जुलैचा रोजगार अहवाल आला: 73 हजार नोकऱ्या वाढल्या. त्याच अहवालात मेचा आकडा 1 लाख 44 हजारांवरून 19 हजारांवर आणि जूनचा 1 लाख 47 हजारांवरून 14 हजारांवर आणलेला, सगळ्या जगासमोर. (ट्रम्प यांनी त्याच दिवशी हे आकडे काढणाऱ्या कामगार सांख्यिकी कार्यालयाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना काढलं. आकडे फिरवल्याचा पुरावा काही दिला नाही.) आकडा बदलतो कारण सुमारे 1 लाख 21 हजार आस्थापना आणि सरकारी खात्यांकडून माहिती मागवली जाते आणि अनेकांची उत्तरं पहिल्या अहवालानंतर येतात. ती काय टोपलीत टाकायची? शिवाय वर्षातून एकदा बेरोजगारी विम्याच्या कर-नोंदींशी ताळा घेतात. ऑगस्ट 2024 मध्ये त्या ताळ्याच्या प्राथमिक अंदाजात 8 लाख 18 हजार नोकऱ्या कमी निघाल्या. सरकार बायडेन यांचं, निवडणूक नोव्हेंबरात. आकडे शिजवणारा स्वतःच्याच अन्नात माती कशाला कालवेल?

भत्त्याची गोष्ट तर निव्वळ चूक. बेकारीचा दर भत्त्याच्या यादीवरून काढतच नाहीत. महिन्याला सुमारे 60 हजार घरांना विचारतात: महिन्यातल्या ठरावीक आठवड्यात काम केलंत का? गेल्या चार आठवड्यांत शोधलंत का? मिळालं असतं तर लागला असतात का? त्या आठवड्यात एक तास पगारी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. खरं तर आक्षेप घ्यायचा तर इथे घ्यावा, पण मेसेजवाल्यांना हे ठाऊक नसावं.

तिसरा मुद्दा अर्धा खरा. ठळक छापला जाणारा दर थकलेल्यांना धरत नाही. पण त्याच अहवालातल्या ए-15 तक्त्यात सहा दर असतात. शेवटचा ‘यू-6’ थकलेल्यांनाही धरतो आणि नाइलाजाने अर्धवेळ काम करणाऱ्यांनाही. जुलै 2025 मध्ये ठळक दर 4.2 टक्के, यू-6 7.9 टक्के.

खरं दुखणं मेसेजमध्ये नाहीच. 2013 च्या सुमारास पाहणीतल्या घरांपैकी जवळपास 90 टक्के घरं उत्तर देत. आता प्रमाण 70 च्या खाली गेलंय.