सगळं काही लूसीनेच पहिल्यांदा केलं?

अमेरिकन टीव्हीच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. एकाच प्रसंगाचं तीन कॅमेऱ्यांनी एकदम चित्रण करायची पद्धत 'आय लव्ह लूसी' या विनोदी मालिकेने शोधली, टीव्हीवर पहिली गरोदर बाई तिनेच दाखवली आणि विनोदी मालिकेची सूत्रं हाती असलेली पहिली बाई म्हणजे तिची नायिका लूसील बॉल. नटी म्हणून ती अफाट होती, त्यात वाद नाही. पण हे तिन्ही दावे चुकीचे आहेत.

आधी कॅमेरे. 'लूसी' सीबीएसवर १५ ऑक्टोबर १९५१ला सुरू झाली. त्याच वाहिनीवर 'एमॉस अँड अँडी' जूनपासूनच चालू होती आणि तीही एकापेक्षा जास्त फिल्म कॅमेऱ्यांनी चित्रित व्हायची. 'ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस' या कार्यक्रमाने तर १९५०मध्येच प्रेक्षकांसमोर असं चित्रण केलं होतं. तिथला अल सायमन पुढे 'लूसी'कडे आला. म्हणजे युक्ती माणसासकट आयती मिळाली. मात्र कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड यांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. एक कॅमेरा लांबून, दुसरा जवळून, आणि मध्ये दिवे हलवायला सवड नाही. तेव्हा त्यांनी दिवे वर टांगले आणि तिन्ही कोनांतून चालेल असा एकसारखा उजेड पाडला. खरं डोकं तिथे लागलं.

गरोदरपणाचं म्हणाल, तर 'मेरी के अँड जॉनी' १९४७मध्येच सुरू झाली होती. नायक-नायिका खरेच नवरा-बायको. मेरी के गरोदर राहिली, तेही कथेत आलं. डिसेंबर १९४८मध्ये मुलगा झाला आणि काही आठवड्यांत तोही मालिकेत! 'लूसी'तलं बाळ आलं १९ जानेवारी १९५३ला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला, दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीपेक्षा जास्त. पहिलं नाही, पण प्रचंड.

तिसरा दावा दोन ओळींत निकालात निघतो. गर्ट्रूड बर्ग जानेवारी १९४९पासून 'द गोल्डबर्ग्ज' स्वतः लिहीत होत्या आणि त्यात मुख्य भूमिकाही करत होत्या. लूसील तिच्या आणि नवऱ्याच्या डेसिलू या निर्मिती कंपनीची एकटी प्रमुख झाली ती १९६२मध्ये.

मग सगळं श्रेय लूसीकडेच का जातं? कारण तिचे भाग उरले. 'मेरी के'चे जवळजवळ सगळे नष्ट झाले. त्या काळी कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट जात. इतर शहरांसाठी टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा धरून केलेली धुरकट नक्कल पाठवायची. लूसील व तिचा नवरा देसी अर्नाझला हॉलिवूड सोडायचं नव्हतं आणि तिथून थेट कार्यक्रम केला तर पूर्वेकडच्या शहरांना असली नक्कल मिळाली असती, ती प्रायोजक सिगारेट कंपनीला नको होती. म्हणून हॉलिवूडमध्येच फिल्मवर चित्रण, आणि ते टिकलं. खर्च वाढला, तेव्हा दोघांनी पगार कमी घेतला आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. सीबीएसने ती देऊन टाकली आणि पुढे तेच भाग लाखो डॉलर मोजून परत विकत घेतले.