चौदा हजारांचा श्रीमंत

मी श्रीमंत आहे हे मला सेतू केंद्रातल्या पोराकडून कळलं. तोवर मी भोसरीत एका कंपनीत मशीनवर उभा राहणारा साधा माणूस होतो, बायकोला विचाराल तर अजूनही तोच आहे.

झालं असं की पोरीला यंदा सीईटीत बरे पर्सेंटाईल पडले. पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागेल असं सगळे म्हणायला लागले, आणि मग फीचा आकडा बघून मी जरा खाली बसलो. वर्षाला एक लाख बेचाळीस हजार, त्यात डेव्हलपमेंट फी वेगळी लिहिलेली. (डेव्हलपमेंट कोणाचं ते नव्हतं लिहिलं.) पण शेजारचे काका म्हणाले, अरे घाबरतोस काय, २०२४ पासून मुलींची फी माफ आहे, शंभर टक्के, ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला काढ फक्त, आठ लाखांच्या आत उत्पन्न पाहिजे बास. मी म्हटलं आपलं तर आतच असणार, महिन्याच्या वीस तारखेनंतर आपण दूधवाल्याला तोंड दाखवत नाही म्हणजे आतच असणार ना.

कंपनी वर्षाच्या पगाराचा देते तो फॉर्म १६ काढला. आठ लाख चौदा हजार.

चौदा हजार! दिवाळीच्या आधी तीन रविवार आणि चार नाईट जास्तीच्या केल्या होत्या, ओव्हरटाईम डबल रेटनं मिळतो म्हणून, आणि वर बोनस. त्या पैशाचा मिक्सर आणला होता. म्हणजे आता हिशोब केला तर तो मिक्सर मला एक लाखाच्या वर पडला, आणि ओल्या चटणीला तो अजून पण नीट चालत नाही.

तरी मी सेतूत गेलो. रेशन कार्ड, डोमिसाईल, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स, तिथल्या पोरानं आकडा बघितला आणि फाईल माझ्याकडं सरकवली. 'काका तुम्ही दुर्बल नाही.' मागे लाईनीत उभे असलेले चार लोक माझ्याकडं बघायला लागले.

मी त्याला म्हटलं, बाळा, बारा लाखांपर्यंत इन्कम टॅक्स शून्य आहे ना आता नव्या रिजिममध्ये? म्हणजे बारा लाखवाल्याकडून काय घ्यायचं बिचाऱ्याकडून असं सरकारच म्हणतंय ना? मग मी आठ लाखात श्रीमंत कसा? तो म्हणाला, 'काका, बारा लाखवाले गरीब दिल्लीचे, आमच्याकडचे गरीब आठलाच संपतात.' आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

खरं सांगतो, पोरगं बरोबर बोललं, फक्त आठची रेघ पण दिल्लीचीच. ही आठ लाखांची रेघ ईडब्ल्यूएस आलं तेव्हा, २०१९ ला मारली, ती अजून तिथंच आहे. तेव्हापासून गॅस वाढला, एसटीचं तिकीट वाढलं, कॉलेजची फी वाढली, रेघ मात्र हलायला तयार नाही.

टॅक्स शून्य म्हणून मी सरकारला काहीच देत नाही असं समजू नका. २००४ ला इन्कम टॅक्सवर दोन टक्के शिक्षण सेस, म्हणजे टॅक्सवरचा टॅक्स, लागला, मग २००७ ला त्यात आणखी एक टक्का, खास माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी, २०१८ पासून आरोग्य धरून चार. मी टॅक्स बसायचा त्या वर्षांत इमानदारीत भरला. मध्ये सरकारचे हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या रिपोर्टात आलं की त्या एक टक्क्याचे ८३ हजार कोटींच्या वर जमले आणि त्यासाठी फंडच काढला नव्हता. म्हणजे आमच्यासारखंच, पैसे आले आणि कुठं गेले ते घरात कोणाला सांगता येईना. फक्त आम्ही निदान मिक्सर दाखवू शकतो.

आणि क्लास! पोरगी दोन वर्षं ज्या ज्युनिअर कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला गेली त्याच्या फीवर टॅक्स नाही, आणि जिथं रोज सकाळी सातला जायची त्या क्लासच्या पावतीवर अठरा टक्के जीएसटी. मी क्लासवाल्याला म्हटलं काही कमी करा, तर म्हणाला सर हे आमचं नाही, सरकारचं आहे. कॉलेजवाले पण तेच म्हणतात, फी आम्ही नाही ठरवत, प्राधिकरण ठरवतं. १९८३ ला मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजं काढू दिली, पोरं कर्नाटकात जाऊन पैसे भरतात ते इथंच भरू देत म्हणून. भरतोय की, दादा.

रात्री पोरगी फॉर्म भरत बसली. उत्पन्नाच्या रकान्यात शेवटचा ऑप्शन होता, 'आठ लाखांपेक्षा जास्त'. तिनं टिक केलं आणि म्हणाली, 'पप्पा, तुमच्या कंपनीच्या मालकाचा मुलगा पण हाच टिक करणार ना?' मी म्हटलं तो अमेरिकेत शिकतोय, पण हो, इथं असता तर हाच.

तेवढ्यात सुपरवायझरचा फोन. रविवारी ओव्हरटाईम आहे, येणार का. मी काही बोलायच्या आत बायकोनं फोन घेतला.

'नाही येणार हो ते, दुसरा कोणीतरी गरीब बघा.'