घुशीपेक्षा सल्लागार जास्त पोखरतात

वर पाला हिरवागार, फुलंसुद्धा आलेली. आणि खाली? खाली काय, कप्पाळ! झाड जरा ओढलं तर मुळासकट हातात आलं. मातीत हात घातला तर अर्धवट कुरतडलेले बटाटे, प्रत्येकावर पुढच्या दातांचे दोन-दोन चर. अगं बये, एक घे, पूर्ण खा, निघून जा! पण नाही. याला एक चावा, त्याला एक चावा, आणि उरलेलं मी कुजताना बघायचं.

दिवाळीच्या सुमारास लावलेला कुफरी ज्योती जातीचा बटाटा. डोळे बघून फोडी केल्या, सुकवल्या, महिन्याने मातीची भर दिली. ही भर कशासाठी? तर बटाटा उन्हाने हिरवा पडू नये म्हणून. म्हणजे बटाट्यासाठी भुसभुशीत वरंबा मी घालायचा आणि त्यात भुयार हिने काढायचं. आयतं!

बरं, इंटरनेटवर उपाय बघावा, तर तिथे विलायतेतला मोल, म्हणजे जमिनीखाली भुयारं काढणारा छोटा प्राणी. एरंडेल शिंपडा, जमिनीत थरथरणारी काठी रोवा. अहो, तो मोल गांडुळं आणि किडे खातो, बटाट्याला तोंडही लावत नाही! आणि तो आपल्याकडे नाहीच मुळी. शेजारचे काका ठामपणे सांगतात, "चिचुंद्री असेल." चिचुंद्रीही मुख्यतः किडेच खाते हो काका! बिळाच्या तोंडाशी मातीचा एवढा ढीग दिसतोय, घूस आहे ती, घूस!

"मांजर पाळा." आमच्याकडे येणारा बोका तिला बघून कुंपणावर चढतो. "औषध टाका." गल्लीत कुत्री हिंडतात, मेलेला उंदीर घार उचलून नेते, तिथे झिंक फॉस्फाईडसारखं विष टाकू? "गोणीत लावा." गोणी एका रात्रीत फाडली. कोंबड्यांची जाळी लावली, तिची पातळ तारसुद्धा कुरतडली. पिंजरा आणायला गेले तर दुकानदाराने उंदराचा दिला. त्यात बाईसाहेबांचं फक्त डोकं मावेल.

आता वाफ्याखाली आणि चारही बाजूंनी अर्धा इंची वेल्डेड जाळी घालायची म्हणे. तिचा भाव विचारला आणि गप घरी आले. आणि हो, "मंडईत मिळतो की स्वस्तात" असं जो कोणी म्हणेल, त्याला हे कुरतडलेलेच सोलून रस्सा करून वाढणार आहे.